गोळीचं नाव चिठ्ठीवर हवं आणि टाचेचं दुखणं डॉक्टरांच्या कानावर

आपल्या खान्देशात गावातल्या दवाखान्यात गेलं की औषध बहुतेक वेळा कागदाच्या पुडीत मिळतं. चार रंगांच्या गोळ्या, सकाळ-दुपार-रात्र असं बोटांवर मोजून सांगितलेलं, आणि पट्टीचा तुकडा असलाच तर कात्रीने असा कापलेला की अर्धं नाव दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेलेलं. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काय खाल्लं हे कधीच कुणाला कळत नाही. बऱ्याच औषधांच्या बाबतीत त्याने फार बिघडत नसेल. पण अँटिबायोटिकची एक जात अशी आहे की तिचं नाव माहीत नसलं तर माणूस लंगडा होऊ शकतो, आणि ती आपल्याकडे घरोघरी खाल्ली जाते.

ही जात म्हणजे फ्लोरोक्विनोलोन. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ दिसलं की ओळखा. जुलाब लागले की जी गोळी मेडिकलवर न विचारता मिळते, ती बहुधा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची जोडगोळी असते. कंपनीचं नाव वर मोठ्या अक्षरांत आणि आतल्या औषधांची नावं खाली बारीक अक्षरांत असतात, त्यामुळे लग्नातल्या जेवणानंतर पोट बिघडलेल्या माणसाला आपण काय गिळलं याचा पत्ता नसतो.

या औषधांमुळे काही जणांच्या कंडरांना इजा होते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी ती चिवट दोरी, आपण जिला सरसकट ‘शीर’ म्हणतो. सगळ्यात जास्त फटका टाचेमागच्या जाड कंडरेला बसतो. चालताना, चढताना, ओझं उचलताना अख्ख्या अंगाचा भार तिच्यावर येतो आणि टाचेच्या थोडं वर तिला रक्तपुरवठाही कमीच असतो. खांदा, मनगट, कोपर, गुडघा यांच्याही कंडरा दुखावतात, सांधे धरतात. प्रयोगशाळेत असं दिसलंय की ही औषधं कंडरेतल्या पेशींचं दुरुस्तीचं काम मंदावतात आणि तंतू विरघळवणारी विकरं (एन्झाइम) वाढवतात. दोरीची झीज चालूच राहते, नवी वीण मात्र पडत नाही. त्रास दोन दिवसांतही सुरू होतो आणि गोळ्या संपून काही महिने झाल्यावरही होऊ शकतो. घोळ इथेच होतो, कारण संपलेल्या गोळीवर संशय घेणार कोण?

आमचे जिभाऊ, म्हणजे माझे मोठे काका, पासष्टी ओलांडलेले. जुना दमा. हिवाळ्यात खोकला वाढला की तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, सुई घ्यायची, पुडी घ्यायची हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या वेळी खोकला थांबला, पण जिभाऊ सकाळी उठल्यावर म्हणू लागले, “टाचना मांगे भलतंच दुखस.” घरात प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं. कुणी म्हणालं नवी चप्पल चावली, कुणी म्हणालं गव्हाला पाणी भरताना रात्रभर ओल्यात उभे राहिले. काकूंनी तेल गरम करून पाय चोळला, रोज, चांगला जोर लावून. मग एका सकाळी बांधावर चढताना त्यांना मागून कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. ते वळून बघायला गेले आणि तिथेच बसले. मागे कुणी नव्हतं.

धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं आणि दोन्ही पोटऱ्या एकेक करून दाबल्या. चांगल्या पायाचा पंजा हलला, दुसरा तसाच लोंबत राहिला. कंडरा तुटली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गेल्या काही आठवड्यांत घेतलेल्या औषधांचा. घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी फडताळात पट्टीचा एक तुकडा सापडला, त्यावर ‘...फ्लॉक्सासिन ५००’ एवढंच उरलेलं. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्याही होत्या. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, याच गोळीने झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण साठीच्या पुढचं वय, स्टेरॉइड आणि ही गोळी असं तिन्ही एकत्र आलेलं आहे.

ही तिन्ही नावं लक्षात ठेवा, कारण धोका वाढवणाऱ्या गोष्टींत तीच वरच्या क्रमांकावर आहेत. किडनीचा आजार असलेले आणि किडनी, हृदय किंवा फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालेलेही त्यातच येतात. आता आपल्याकडचं चित्र बघा. म्हातारं माणूस, खोकला, दम. त्याला लवकर आराम पडावा म्हणून स्टेरॉइड, आणि कफ आहे म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन. ज्याला सगळ्यात जपायला हवं त्यालाच हे दोन्ही एकत्र मिळतं. दमेकऱ्याला स्टेरॉइड लागतं तेव्हा ते द्यावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोबतचं अँटिबायोटिक निवडताना ही गोष्ट डॉक्टरांच्या मनात असली पाहिजे आणि घरच्यांना सांगितली गेली पाहिजे.

दुसरा घोळ चिकनगुनियाचा. २००६ च्या साथीपासून तापानंतर अंग धरलं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं. “चिकनगुनिया होता, आता वर्षभर दुखणार.” खरंच चिकनगुनियाने सांधे महिनोन्‌महिने दुखतात, त्यामुळे ते चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. पण त्या तापात अँटिबायोटिकही खाल्लेलं असेल तर दुखणं कुठलं हे बघायला नको का? चिकनगुनियात बहुतेकदा दोन्ही हातांची बोटं, मनगटं, घोटे असे बरेच सांधे एकदम धरतात. टाचेच्या मागे एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, पाऊल टाकताना ओढ, तिथे सूज, हे वेगळं असू शकतं. ते एका पायात होतं तसं दोन्ही पायांतही होतं. फरक घरी बसून ठरवू नका, पण डॉक्टरांना तो नक्की सांगा. कारण चिकनगुनियाचं दुखणं समजून पुन्हा स्टेरॉइडची सुई टोचली गेली तर कंडरेवर आणखी भार पडतो. चोळणं, शेकणं, ‘चालून चालून मोकळं होईल’ म्हणत रेटणं, हेही त्या दिवसांत नको.

हे कुणा एका पुतणीचं दुःख म्हणून बाजूला सारू नका. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, म्हणजे तिथला सगळ्यात कडक इशारा, आणि तो कंडरा दुखण्या-तुटण्याबद्दलच होता. २०१६ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं की सायनस, ब्राँकायटिस आणि साधा लघवीचा संसर्ग यांत दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नयेत, कारण कंडरा, स्नायू, सांधे, नसा आणि मेंदू यांवरचे परिणाम कायमचे राहू शकतात. २०१८ मध्ये युरोपच्या नियामकाने वापर आवळला. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये ठरवलं की नेहमीची दुसरी अँटिबायोटिक्स चालणार नसतील तेव्हाच ही द्यायची. आणि आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर ‘पोट बिघडलंय’ म्हटलं की पहिल्या झटक्यात हीच गोळी हातात पडते. मला याचा संताप येतो. साध्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, मीठ-साखरेचं पाणी लागतं, लहान मुलांना ओआरएस आणि झिंक लागतं. त्या लहानग्यांनाही ऑफ्लॉक्सासिनचं गोड सिरप पाजलं जातं. वाढीच्या वयातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधांनी सांध्यांच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ थराला, इजा झालेली दिसली, म्हणून मुलांना ती जपून आणि खरंच गरज असेल तेव्हाच द्यायची असतात.

दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगते. हा त्रास दुर्मीळ आहे. बहुसंख्य लोक या गोळ्या खातात आणि त्यांना काही होत नाही. किडनीपर्यंत गेलेला लघवीचा संसर्ग, प्रोस्टेटचा संसर्ग, औषधांना दाद न देणारा टीबी, अशा ठिकाणी या औषधांनी जीव वाचतात. म्हणून ‘फ्लॉक्सासिन दिसलं की फेकून द्या’ असा मेसेज माझ्या नावाने फिरवू नका. डॉक्टरांनी गरज बघून दिली असेल तर घ्या. पण घेताना माहिती असू द्या.

माहिती म्हणजे फार काही नाही. डॉक्टरांना विचारा की चिठ्ठीवर नाव लिहून द्याल का. पुडीच मिळणार असेल तर पट्टीचा आपल्या मोबाइलवर फोटो काढून घ्या. मेडिकलवाल्याकडून बिल मागा, त्यावर औषधाचं नाव असतं. पट्टीवर लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. ही रेघ ओळखा म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन तर शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. म्हणजे कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर, किती दिलं याची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करायची आणि ती तीन वर्षं जपायची. हा कायदा २०१४ पासून लागू आहे. वय, किडनी, दमा, चालू असलेली स्टेरॉइडची गोळी हे आपण होऊन सांगा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण या औषधांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. गोळी सुरू असताना किंवा नंतर टाचेमागे, खांद्यात, मनगटात नवं दुखणं आलं, हातापायांना मुंग्या-जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि त्या पायाला विश्रांती द्या. वेळेवर थांबलं तर कंडरा तुटण्यापासून वाचायची शक्यता असते. काहींना आधी काही न दुखताच तुटते हेही खरं, पण ज्याला दुखणं आधी सांगतंय त्याने तरी ते ऐकावं.

विश्रांती म्हणायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड डोक्याखांद्यावरून बागेतून गाडीपर्यंत वाहणारा माणूस, कापूस वेचायला दिवसभर वाकणाऱ्या बाया, साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जाणारी नंदुरबारची कुटुंबं. यांची रोजी पायांवर आणि खांद्यांवरच आहे. ऑफिसातल्या माणसाची कंडरा दुखली तर तो खुर्चीत बसून काम करेल. यांची दुखली तर घरातली चूल थंडावते. म्हणूनच त्यांना पुडी देताना दोन वाक्यं जास्त बोला, अशी आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टर मंडळींना आणि मेडिकलवाल्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे. अहिराणीत सांगा, लेवा बोलीत सांगा, भिलोरीत सांगा. ‘टाच दुखली तर गोळी थांबवून आधी मला फोन’ एवढं पुडीवर पेनाने लिहिलं तरी चालेल.

असा त्रास झालाच तर त्याची नोंद करता येते. औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण किंवा घरचे स्वतः सांगू शकतात. जिभाऊंच्या वेळी आम्हाला हे माहीत असतं तर आम्हीही केली असती.

आणि ज्यांच्या घरी टीबीचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळं लिहिते. टीबीच्या काही उपचारांत लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन महत्त्वाचं असतं. ही पोस्ट वाचून एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाय दुखत असेल तर त्याच दिवशी टीबी केंद्रावर जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवा. बदल करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.