बीएमएस करायचंय? आधी ब्लेझर शिवून घ्या

सायन्स झेपलं नाही, सीए म्हटलं की पोटात गोळा येतो आणि आर्ट्सचं नाव काढलं तर घरात दोन दिवस कोणी धड बोलत नाही? काळजी नको, तुम्ही मॅनेजमेंटला, म्हणजे बीएमएसला (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) जा. स्वतःचं कपाट न आवरणाऱ्या माणसाला तीन वर्षांत अख्खी कंपनी आवरायला शिकवतात, अशी या शिक्षणाची ख्याती आहे.

प्रवेश घेताना कोर्सच्या नावावर जाऊ नका, ते बदलत असतं. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस वगैरे मंडळी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत गेली आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. जागा भरपूर, बसणारे कमी, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घेतली. तेवढ्यात मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसची पाटी उतरवून 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' अशी नवी पाटी चढवली. वर्ग तेच, बाक तेच, सरही तेच, फक्त सीईटी गायब! रीब्रँडिंगचा इतका स्वच्छ धडा पुढच्या सहा सेमिस्टरमध्ये मिळणार नाही. फी भरण्याआधी फुकट मिळतोय, तर घेऊन ठेवा.

मार्केटिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात चार 'पी' भेटतील: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. हे चौघे १९६० मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी एकत्र आणले. पण पेपरात, ज्यांच्या पाठ्यपुस्तकातून ते सगळ्यांना माहीत झाले, त्या फिलिप कोटलर यांचंच नाव लिहा. कोटलर लिहिल्यामुळे कोणाचे मार्क कापले गेल्याचं ऐकिवात नाही. मॅकार्थी लिहिलंत तर तपासणारे सर बुचकळ्यात पडतील. माणसाच्या गरजा पायरीपायरीने दाखवणारा मॅस्लोचा पिरॅमिड मात्र पट्टीने काढा. खुद्द मॅस्लोच्या १९४३ च्या निबंधात पिरॅमिड नाही, पण त्यांना कुठे मुंबई विद्यापीठाची परीक्षा द्यायची होती?

प्रेझेंटेशनच्या दिवशी काळा ब्लेझर लागतो. मे महिन्यात, सकाळी ७:४२ च्या फास्टमध्ये, डोंबिवलीहून, तो अंगात घालूनच चढा. हातात धरलात तर उतरताना बाही दुसऱ्याच डब्यात राहील. विषय मुंबईचे डबेवाले हाच घ्यायचा. १८९० पासून धंदा चालू आहे, हार्वर्डनेही २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी केली, म्हणजे कोणी शंका काढणार नाही. मावळ-मुळशीहून आलेल्या, फारसं शाळेत न गेलेल्या माणसांनी हे सगळं कसं उभं केलं, यात शिरू नका. शिरलात तर आपण तीन वर्षं फी कशाची भरतोय, असा आगाऊ प्रश्न सुचू शकतो. किर्लोस्करांचं नावही नको. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणरावांनी नांगर विकला आणि १९२० मध्ये त्यांच्या कारखान्याने स्वतःचं मासिकही काढलं. पण त्याची स्लाइड कशी दिसेल? आयफोन बरा, फोटो छान येतात.

आयव्ही, म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, चुकवू नका. ती मनालीला असते. सात दिवसांत दोन तास एक शाल कारखाना दाखवतात, तिथे मालक चहा देतो आणि शाली विकतो. पूर्ण सहलीत मार्केटिंग जाणणारा तेवढा एकच माणूस भेटतो.

इंटर्नशिपबद्दल थोडक्यात: पगार विचारू नका, सर्टिफिकेट विचारा.

आता खरी कसोटी. शेवटच्या सेमिस्टरला 'ब्लॅक बुक', म्हणजे बांधीव प्रोजेक्ट रिपोर्ट, करावी लागते. शीर्षक लांबलचक हवं आणि त्यात 'विथ स्पेशल रेफरन्स टू कल्याण-डोंबिवली' हे शब्द हवेतच, त्याशिवाय संशोधनाला वजन येत नाही. गूगल फॉर्म करा, तो क्लासच्या, बिल्डिंगच्या आणि मामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि रात्री अकराला 'गाइज प्लीज भरा ना, दोनच मिनिटं' असं लिहा. शंभर माणसं झाली की रंगीत पाय चार्ट आपोआप पडतात. त्यातले चाळीस जण तुम्हीच असलात तरी चार्टला ते कळत नाही.

बाकीचा मजकूर सीनिअरकडून घ्यायचा, पण शहाणपणाने. त्याने वेफर्समध्ये 'लेज'चा अभ्यास केला असेल आणि तुमचा ब्रँड 'बालाजी' असेल, तर एका झटक्यात सगळीकडे फाइंड-रिप्लेस करू नका. आमच्या ओळखीच्या एका हुशार मुलाने केलं. त्याच्या चौथ्या प्रकरणात वितरणातले 'डिलेज' होते, त्यांचे 'डिबालाजी' झाले. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, हा काय प्रकार आहे? तो म्हणाला, मॅम, इट्स अ सप्लाय चेन टर्म. मॅडमनी मान डोलावली, मार्कही दिले. मॅनेजमेंट अंगात मुरलं की नाही, ते अशा वेळी कळतं. बायंडिंगला झेरॉक्सवाल्याकडे आदल्या रात्री गेलात तर तो दुप्पट घेईल. त्याला मागणी-पुरवठा समजावू नका, तो तुम्हालाच समजावेल.

आणि वडिलांचं किराणा दुकान असेल तर सुट्टीत त्यांचं स्वॉट ॲनालिसिस, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता, करून द्या. दुकानाला 'फॅमिली-ओन्ड रिटेल एंटरप्राइझ' म्हणायचं आणि उधारीच्या वहीला 'कस्टमर डेटाबेस'. धोका या रकान्यात डीमार्ट आणि ब्लिंकिट लिहा. बाबा चष्मा वर करून म्हणतील, "ते मला ठाऊक आहे रे, दोन गिऱ्हाइकं खोळंबलीयत, जरा तेवढा गूळ फोडून दे." फोडू नका. दुकानातल्या गणूला हाक मारा आणि त्याला सांगा. याला डेलिगेशन म्हणतात, पाच मार्कांना येतं.