थायरॉइडची गोळी माणसाची आणि मांजराची: एक खुलासा

‘थायरॉइड वाढल्यावर माणसाला आणि मांजराला एकच औषध देतात, म्हणून घरातली गोळी अर्धी करून मांजराला द्या, रिपोर्ट नॉर्मल आला की बंद करा,’ असा संदेश फिरतो आहे. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच संदेश घातक आहे.

औषध एकच असतं, मेथिमाझोल. कार्बिमाझोल नावाची दुसरी गोळी दिली, तरी शरीरात गेल्यावर तिचंही मेथिमाझोलच होतं. मेथिमाझोल थायरॉइड ग्रंथीत नवं हार्मोन बनू देत नाही, पण आधी साठलेलं तसंच राहतं. त्यामुळे गुण यायला काही आठवडे लागतात.

आजार मात्र वेगळा. माणसात बहुधा ग्रेव्हज असतो, म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चेतवते. साधारण 12 ते 18 महिन्यांच्या उपचारानंतर काहींचा आजार शमतो. मांजरात बहुतेक वेळा ग्रंथीवर साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ असते. गोळी हार्मोन आवरते, गाठ तशीच राहते. गोळी थांबली की आजार परततो. कायमचा उपाय म्हणजे किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया.

मात्राही वेगळी. मांजराची सुरुवात सहसा 1.25 ते 2.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. माणसाची गोळी अर्धी केली तरी जास्त होऊ शकते. शिवाय थायरॉइड आटोक्यात आल्यावर मांजराचा दडलेला मूत्रपिंडाचा आजार उघड होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी हवीच.

आणि ही गोळी घेणाऱ्या माणसाला ताप आला, घसा दुखला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या, कारण या गोळीने त्या क्वचित धोकादायक घटतात. कृपया हे अंगावर काढू नका.