कसली डोंबलाची सीट निवडायची?

मोठ्या कॉन्सर्टची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू होते, तास-दीड तास ताटकळून आपला नंबर लागतो आणि समोर येतो निळ्या ठिपक्यांचा नकाशा. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय. एवढ्या मिनिटांत ठरवा, नाहीतर सीट गेली. अरे, पण ठरवू कशावरून? स्टेज किती उंच ते सांगत नाहीत. स्पीकर कुठे टांगणार ते सांगत नाहीत. साउंडवाल्यांचा ओटा किती रांगा अडवणार, तेही नाही. ठिपक्यावर बोट ठेवा आणि पैसे भरा, एवढंच.

गेल्या खेपेला मी फ्लोअरची चौदावी रांग घेतली. स्टेजच्या अगदी समोर, मधोमध, वरच्या सगळ्या सीटांपेक्षा महाग. नकाशात ती स्टेजला चिकटलेली दिसत होती. पण इनडोअर अरीनाचा फ्लोअर म्हणजे सपाट जमीन! एरवी तिथे बास्केटबॉल नाहीतर आइस हॉकी चालते, कॉन्सर्टपुरत्या खुर्च्या मांडतात. चढ बोटभरही नाही. पहिल्याच गाण्याला पुढच्या तेराच्या तेरा रांगा उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत बसल्याच नाहीत. माझी उंची पाच फूट एक इंच. दोन तास मी पुढच्या माणसाच्या पाठीवरची शर्टाची शिवण बघत होते. कॉलरखाली एक दोरा सुटला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. जिच्यासाठी गेले ती गायिका दिसली ती त्याने वर धरलेल्या मोबाइलवर, अंगठ्याएवढी. उभं राहणाऱ्यांवर माझा राग नाही, गाणं रंगलं की माणूस उठणारच. पण हे दर कॉन्सर्टला होतं हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं?

त्याआधी एकदा बाजूची सीट घेतली होती. स्टेज जवळ, रांग चढती, म्हटलं आता तरी दिसेल. तर केळीच्या घडासारखी लटकणारी स्पीकरची माळ बरोबर माझ्या आणि मोठ्या स्क्रीनच्या मध्ये. आवाजही एकाच बाजूचा, बेस घुमतोय आणि शब्द एक कळत नाही. तिकिटावर ‘दृश्य अंशतः अडेल’ असं एक अक्षर नव्हतं. ‘तुमच्या सीटवरून असं दिसेल’ म्हणून जो फोटो दाखवला होता तो खेळाच्या रिकाम्या मैदानाचा. स्टेजचा पत्ताच नाही त्यात!

आणि पार मागे बसलं तर? आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. साठ मीटरवर बसलात तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका सेकंदाच्या सहाव्या हिश्शाने उशिरा येतो. मध्ये वेगळे स्पीकर टांगून त्यांची वेळ पुढच्या स्पीकरशी जुळवली तर आवाज स्पष्ट येतो, उशीर मात्र राहतोच; पण ते आहेत की नाहीत हे नकाशा कुठे सांगतो? त्यात मागची काँक्रीटची भिंत तोच ठोका परत फेकते. सगळ्यात नीट ऐकू येतं ते साउंड इंजिनिअरच्या आसपास, कारण तो स्वतःच्या कानाला पटेल तसंच मिक्स करतो. पण त्याच्या ओट्याच्या अगदी मागे बसलात तर पडदे, दिव्यांची यंत्रं आणि माणसांच्या पाठी. म्हणजे घ्यायचा तो स्टेजसमोरचा, खालच्या मजल्यावरचा चढता ब्लॉक, पहिल्या काही रांगा सोडून. हे मला दोनदा पैसे बुडवून कळलं. विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

संताप याचा येतो की स्टेजचा आराखडा पक्का होईपर्यंत यांच्याकडे काही चांगल्या सीट राखून ठेवलेल्या असतात. त्या कार्यक्रमाच्या तोंडावर सोडतात. तोवर आपण घाबरून, घड्याळाकडे बघत, मिळेल ते घेऊन बसलेलो असतो. ती सीट बदलून मिळत नाही, पैसे परत नाहीत.

शिवणीच्या प्रकारानंतर मी रीतसर तक्रार केली. फोटो जोडले, रांग लिहिली, सीट नंबर लिहिला. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सीटची निवड आपण स्वतः केली होती.’

निवड? कशातून केली मी निवड? निळ्या ठिपक्यांतून?