गणपतीच्या शाळेत बागेतली पोरं

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या एका साध्या प्रस्तावावरून जुंपली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी सुचवलं, की मे महिन्याच्या सुटीत चार दिवसांचं मातीकामाचं शिबिर घेऊया आणि आंबाबागांतल्या नेपाळी राखणदारांची, चिरेखाणीवरच्या कानडी कामगारांची मुलंही बोलवूया. वर्षानुवर्षं इथे राहूनही ती पोरं गावच्या कशातच नसतात, असं त्यांचं म्हणणं. पहिलं उत्तर आलं, "आणि आमच्या पोरांका कोण इचारता?" मग दुसऱ्या बाजूने मुंबईचे चाकरमानी आणि आम्ही परदेशातले सरसावलो: जोडलेले हात, फुलं आणि 'माती सगळ्यांना एकत्र आणते'.

मी फुलं पाठवली नाहीत. मी राहतो त्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये हे प्रयोग नेहमी चालतात आणि त्यांतलं काय चालतं, काय नुसतं दिसतं, ते जवळून बघायला मिळतं.

इंग्लंडातलं हे शहर कुंभारकामावर उभं राहिलं. वेजवूड, स्पोड या नावाजलेल्या भांडी-कंपन्या इथल्याच. बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांचा धूर इतका असे, की भरदुपारी काळोख व्हायचा म्हणतात; आता तसल्या भट्ट्या पन्नाससुद्धा उरल्या नाहीत. स्पोड २००८ मध्ये बुडाली, रॉयल स्टॅफर्ड २०२५ च्या फेब्रुवारीत. पिढ्यान्‌पिढ्या कपबश्या करणाऱ्या घरांतल्या तरुणांना आता गोदामात पेट्या उचलाव्या लागतात. घरभाडं स्वस्त म्हणून सरकार आश्रय मागणाऱ्यांनाही अशाच शहरांत आणून ठेवतं. इंग्लंडातल्याच साउथपोर्ट गावात लहान मुलींची हत्या झाली, मारेकरी बोटीतून आलेला निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली आणि ३ ऑगस्ट २०२४ ला आमच्या स्टोकमधल्या हॅनलीत दंगल झाली. त्याच भागात मी भाजी आणायला जातो.

याच शहरात चर्चच्या सभागृहांत, जुन्या कारखान्यांच्या खोल्यांत मातीकामाचे वर्ग भरतात. त्यांतल्या एकात मी शनिवारी माती मळायला जातो. सुदानचे, इराणचे, एरिट्रियाचे लोक येतात आणि इथल्या निवृत्त बायकाही. त्यातल्या एकीने उभा जन्म कारखान्यात कपांना कान लावले. कप आणि कान दोन्ही सारखेच ओलसर हवेत, नाहीतर वाळताना जोडावर तडा जातो. एका इराणी इंजिनिअरने घाई केली, तेव्हा तिने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मला वाटतं, या देशात आल्यापासून त्याच्यावर कुणी पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसासारखं चिडलं असेल. एरवी त्याला एकतर हाकलायला निघालेले भेटतात, नाहीतर कनवाळू.

या वर्गाचं खरं बळ मातीच्या संथपणात आहे. आज घडवलेलं भांडं आठवडाभर वाळतं, मग पहिली भाजणी, मग झिलई, मग पुन्हा भट्टी. आपला कप घरी न्यायचा तर तीन-चार वेळा यावंच लागतं, त्याच माणसांच्या शेजारी बसावंच लागतं. चार दिवसांत आटोपणारं शिबिर म्हणूनच मला फोटोपुरतं वाटतं. (इथेही तसली असतात. शेवटी एक फॉर्म देतात: 'तुम्हाला आपलेपणा वाटला का?' खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत.)

पण वर्गाच्या दाराबाहेर माती काही करू शकत नाही. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना पहिलं वर्षभर तरी कामाची परवानगी मागतासुद्धा येत नाही. जेवणासकट हॉटेलात ठेवलेल्यांच्या हातात आठवड्याला १० पौंडांच्या आसपास पडतात, आणि बसच्या एका फेरीला ३ पौंडांपर्यंत तिकीट. आमच्या वर्गात बसभाडं देतात. ते बंद झालं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडतील, मग भिंतीवर स्वागताचं पोस्टर कितीही मोठं लावा.

आता आपलं गाव. इथे गोष्ट उलटी आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला आपल्याकडे राहायला, काम करायला परवाना लागत नाही. चिरेखाणीवरचा विजापूरचा माणूस तर याच देशाचा नागरिक. कायदा आडवा येत नाही, वाडी येते. हापूसची पेटी त्याच्या राखणीवर भरते, घराची भिंत त्याने काढलेल्या चिऱ्यावर उभी राहते, पण त्याचं पोर आपल्या पडवीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गिरणगावात एका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहून ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या नातवंडांनी 'परप्रांतीय' हा शब्द इतक्या सराईतपणे वापरावा, याची मला गंमत वाटते. राग नंतर येतो.

तरी "आमच्या पोरांका कोण इचारता" हा प्रश्न खोटा नाही. गावच्या पोरांनाही आता मातीत हात घालायला मिळत नाही. मग नवं शिबिर कशाला? आपल्याकडे गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आषाढात घरोघरचे पाट तिथे पोचतात, त्या पाटावर मूर्ती होते, वाळते, रंगते; डोळे तेवढे शाळेचा मालक स्वतः आखतो. दोन महिने चालणारं हे काम आहे, तारीख पक्की आहे, आणि आमच्या शाळेच्या मालकाला हात कमी पडतात, कारण त्याचे दोन्ही मुलगे गोव्यात नोकरीला. गावची चार आणि बागेतली चार पोरं संध्याकाळी माती कालवायला बसली, तर कुणावर उपकार होत नाहीत. आणि मूर्तीला बाहेरच्यांचे हात नकोत म्हणणाऱ्यांनी शाडू कुठून येतो ते विचारावं. तो गुजरातचा. स्टोकच्या चिनीमातीच्या भांड्यांची पांढरी मातीही तिथली नव्हे, दूरच्या कॉर्नवॉलची. बोटीने आणि कालव्याने आणलेली.

अडचण दुसरीच आहे. नेपाळी पोर हिंदू म्हणून गणपतीच्या शाळेत चालून जाईल. खाणीवरच्या मुसलमान कामगाराच्या मुलाचं काय? शिवाय पावसात चिरेखाणी बंद होतात, ती कुटुंबं गावी जातात. आषाढ-श्रावणात ती पोरं इथे नसतातच. ती परततात पाऊस संपल्यावर. तेव्हा त्यांच्यासाठी दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडं, कुंभाराच्या अंगणात, चाकावर. ही भांडी देवघरातही जातात आणि बाजारातही विकली जातात. विक्रीतला वाटा पोरांना द्यावा, आणि शिकवणाऱ्या कुंभाराला मजुरी. फुकट शिकवा असं त्याला सांगायचं असेल, तर ग्रुपवरचे हात जोडलेले सगळे जण आधी आपापल्या कामाचे पैसे घ्यायचं थांबवोत.

मे महिना मात्र गुरुजींनी सोडावा. तेव्हा राखणदाराचं घर पहाटेपासून आंबा उतरवण्यात आणि पेट्या भरण्यात असतं, मोठी पोरं धाकट्यांना सांभाळतात. शिबिराला येतील ती गावचीच. शाडूचा आणि खाणीवरून पोरं आणणाऱ्या टेम्पोचा पहिल्या वर्षीचा खर्च मी देतो, असं ग्रुपवर लिहिलं आहे. अंगठे बरेच आले. टेम्पो कुणाचा, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.