रोदाँचा बाल्झाक ‘अपूर्ण’ ठरवणाऱ्या मजकुराविषयी

चांदण्यात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या पुतळ्याचे जुने छायाचित्र सध्या मोबाइलवर फिरते आहे. सोबतचा मजकूर असा : फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदाँ याने केलेला कादंबरीकार बाल्झाकचा हा पुतळा अर्धवट आहे, शिष्यांनी केवळ हातांचीच स्तुती केली म्हणून रोदाँने ते कुऱ्हाडीने तोडले आणि त्यामुळे पुतळा नाकारला गेला.

छायाचित्र खरे आहे. एडवर्ड स्टायकेन यांनी ते १९०८ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथे, रोदाँच्याच आवारात घेतले. मात्र हा पुतळा त्याच्या दहा वर्षे आधी, १८९८ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात, लोकांसमोर येऊन गेला होता.

प्लास्टरचा म्हणून तो अर्धवट, हा तर्कही चुकीचा आहे. माती वाळली की तडकते, म्हणून मातीच्या मूर्तीवरून साचा काढून त्यात प्लास्टर ओततात आणि ब्राँझचे ओतकाम पुढे त्या प्लास्टरवरूनच होते. त्यामुळे प्रदर्शनात प्लास्टर मांडणे ही त्या काळची नेहमीचीच रीत होती.

हातांच्या गोष्टीसाठी छायाचित्र जरा मोठे करून पाहावे. झगा खांद्यांवर नुसता टाकलेला आहे, बाह्या रिकाम्या लोंबत आहेत आणि हात झग्याच्या आत आहेत. आधीच्या नग्न अभ्यासमूर्तीत ते पुढे एकत्र आलेले दिसतात. झग्यासाठी तर रोदाँने खरा झगाच प्लास्टरमध्ये बुडवून पाहिला होता. शिवाय प्लास्टरचा हात तोडल्याने काम संपत नाही, साच्यातून दुसरा निघतो, हे गणपतीच्या कारखान्यात डोकावलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

राहिला नकार. लेखकांच्या संस्थेने १८९१ मध्ये हे काम दिले तेव्हा रोदाँने दीड वर्षाचा वायदा केला होता आणि प्रत्यक्षात सात वर्षे घेतली. बाल्झाकच्या शिंप्याला शोधून त्याच्या मापाचे कपडे शिवून घेण्यापर्यंत त्याची तयारी गेली होती. संस्थेने निषेधाच्या ठरावात या पुतळ्याला ‘एबोश’, म्हणजे कच्चा खर्डा, म्हटले आणि त्यात बाल्झाक ओळखण्यास नकार दिला. आजचा मजकूर ‘अर्धवट’ म्हणतो, तो नकळत त्या विरोधकांचाच शेरा आहे. रोदाँने मात्र पुतळ्यात बदल न करता तो म्यूदाँला नेला. १९१७ मध्ये तो वारला. १९३९ मध्ये त्याच पुतळ्याची ब्राँझ प्रतिकृती पॅरिसच्या बुलव्हार रास्पाय या रस्त्यावर उभी राहिली, रिकाम्या बाह्यांसकट.