मण आणि मन

‘नऊच तर प्रश्न आहेत. संध्याकाळपर्यंत मराठी करून द्या ना.’

मनःस्थिती मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींचा छळ या वाक्यानं सुरू होतो. सांगणारे साहेब सज्जन असतात. त्यांनी नऊ प्रश्न मोजलेले असतात आणि प्रत्येकी पाच मिनिटं असा हिशेब केलेला असतो. त्या संध्याकाळीला दीड वर्ष लागेल, हे त्यांना तोंडावर सांगायला फार धीर लागतो.

नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी २००१ मध्ये अमेरिकेत तिची तपासणी छापली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. ‘मुळीच नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘अर्ध्यापेक्षा जास्त दिवस’ला २, ‘जवळजवळ रोज’ला ३, सगळी बेरीज ० ते २७. दहा किंवा जास्त आले, तर डॉक्टरांनी नीट बसून बोलायचं. वापरायला फुकट असल्यामुळे ती जगभर पोचली. मराठी प्रतीही फिरत असतात. त्या कुणी, कुठे आणि कोणत्या लोकांवर तपासल्या, हे विचारलं की समोरचा माणूस घड्याळ बघू लागतो.

चाळीस शेरांचा मण एकदा ठरला की ज्वारी लातूरची असो की जळगावची, तागडीला फरक पडत नाही. मनाच्या तागडीला फरक पडतो. बार्शीच्या वजनांनी बोरिवलीत तोललं तर ती खुशाल भलताच आकडा दाखवते, आणि दाखवताना कुरकुरतही नाही.

सुरुवात भाषांतराची. इंग्रजी माणूस दुःखी झाला की खाली जातो किंवा निळा पडतो. १९७७ च्या सीईएस-डी प्रश्नावलीत तर तो ‘ब्लूज’, म्हणजे उदासी, झटकून टाकायचा प्रयत्न करतो आणि ते जात नाहीत. मराठीत निळा होतो तो साप चावलेला. १९८३ च्या एचएडीएस प्रश्नावलीत भीतीनं पोटात फुलपाखरं उडतात. आपल्या पोटात गोळा येतो. फुलपाखरं ठेवली तर लोक जंताचं औषध मागतात. बाळंतिणींसाठीच्या १९८७ च्या एडिंबरा प्रश्नावलीत एक वाक्य आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘गोष्टी माझ्या अंगावर चढत आहेत’, खरा अर्थ सगळं डोईजड होतंय. एका खोलीत संसार असलेल्या बाईला हे विचारून पाहा. ती माळ्यावरच्या ट्रंकेकडे बोट दाखवील.

म्हणून रीत अशी. दोन माणसांनी वेगवेगळं मराठी करायचं. एक विषयातला, दुसरा त्या गावचाच नाही असा. दोन्ही मसुदे समोर ठेवून भांडायचं. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांकडून ते मराठी पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं, समितीनं मिळवून बघायचं, आणि तीस-चाळीस खऱ्या रुग्णांना विचारून त्यांना काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं.

यातली सगळ्यात फसवी पायरी उलट भाषांतराची. ‘मला निळं वाटतं’ या भिकार मराठीचं इंग्रजी अगदी मुळाबरहुकूम येतं आणि समिती समाधानानं चहा मागवते. उलट कुणी कान असलेल्या माणसानं ‘करमत नाही’ असं लिहिलं, तर त्याचं इंग्रजी कुणी ‘कंटाळा आला’ करतं, कुणी ‘घरची आठवण येते’ करतं, आणि समिती लाल शाईनं गोल मारते. वाईट भाषांतर जसं गेलं तसं परत येतं. चांगलं जातं ते इकडचंच होऊन बसतं. म्हणून आमचा भरवसा समितीपेक्षा त्या तीस-चाळीस जणांवर.

पण ‘करमत नाही’लाही खोट आहेच. मुलगा हॉस्टेलला गेला की आईला करमत नाही. त्याला आजार म्हणायचं नसतं. ‘कशातच मन लागत नाही’ बरं चालतं. ‘निराश वाटतं का?’ म्हटलं की लोक उलट विचारतात, ‘कशाबद्दल?’ पाऊस लांबलेला असताना शेतकऱ्याला हा प्रश्न विचारणाऱ्याची खरं तर आधी तपासणी करावी. ‘थकवा वाटतो का?’ याला खुरपणीहून आलेली बाई म्हणते, ‘न थकायला मी काय बसून होते?’ लक्ष लागण्याच्या प्रश्नात मूळ उदाहरण वर्तमानपत्राचं आणि टीव्हीचं आहे. जिथे वर्तमानपत्र फक्त फळीवर अंथरायला येतं, तिथे ‘तांदूळ निवडताना खडे राहून जातात का?’ हे जास्त कळतं. मात्र असा बदल केला की वजन नवं झालं. ते पुन्हा तपासायचं.

काही खोड्या मुळातच आहेत. जेवण जात नाही की जास्त जातं, हा एकच प्रश्न आहे. हालचाल मंदावली की उलट चुळबुळ वाढली, हाही एकच. ‘जेवण कमी जातं की जास्त?’ उत्तर येतं, ‘हो.’ दोन्ही बाजूंना एकच गुण, त्यामुळे बेरजेला चालतं. पण विचारणाऱ्या नव्या मुलीला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, आणि ती प्रश्नाचे दोन प्रश्न करते. बेरीज मग ३० वर गेली की आम्हाला फोन येतो.

उत्तरांचे चार पर्याय हा वेगळाच छळ. ‘अर्ध्यापेक्षा जास्त दिवस’ म्हणजे चौदातले आठ किंवा जास्त. आपल्याकडे त्रास दिवसांत मोजत नाहीत. तो ‘मधूनमधून’ होतो, ‘तसा नेहमीचाच’ असतो, किंवा ‘अमावास्येच्या सुमारास’ वाढतो. यांना गुण काय द्यायचे? उपाय आहेत. एकादशीच्या सुमारास विचारत असाल तर ‘गेले दोन आठवडे’ ऐवजी ‘मागच्या एकादशीपासून’ म्हटलं की वारकऱ्याच्या घरात पटकन कळतं, कारण एकादशी पंधरवड्यालाच येते. इतरांना दोन आठवडी बाजार मागे न्यावं. किंवा पाण्याचे चार पेले मांडावेत: रिकामा, थोडा, अर्ध्याहून जास्त, काठोकाठ. फक्त ते पाणी पिण्याचं नाही, हे आधी सांगावं. मे महिन्यात तर ठळकपणे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो थट्टेचा नाही, पण आपल्या भाषेनं तिथेही घोळ घातलाय. ‘आता पांडुरंगानं उचललं की सुटले’ हे वाक्य कित्येक आज्या मटार सोलताना, उत्तम तब्येतीत, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. त्यामुळे ‘हो’ आलं की थांबून शांतपणे पुढचं विचारायचं: आपणहून काही करावंसं वाटतं का, कसं ते ठरवलंय का, पूर्वी कधी केलं होतं का. ‘बोलण्यातलं असेल’ असं परस्पर ठरवून फॉर्म मिटायचा अधिकार कुणालाच नाही. ज्या दवाखान्यात त्याच दिवशी डॉक्टरकडे नेण्याची सोय ठरलेली नाही, तिथे हा प्रश्न विचारायलाच सुरुवात करू नये. बेरीज चार असली तरी नवव्याला ‘हो’ म्हणजे ‘हो’च.

आता कुठे विचारायचं ते. सरकारी ओपीडीत बाकावर सहा जणं, त्यातली एक सासू. सुनेला विचारलं की सासूबाई उत्तर देतात: ‘तिला काय होतंय? चांगली खातेपिते.’ अशा फॉर्मवर स्कोअर सुनेचा नसतो, सासूबाईंचा असतो. सासूबाईंना मानानं वजनकाट्याकडे नेऊन त्यांचं बीपी घ्यावं. तेवढ्या सात मिनिटांत सूनबाई नऊ प्रश्न उरकतात आणि वर एक-दोन जास्तीची उत्तरंही देतात.

वॉर्डात आणखी मजा. ‘झोप लागत नाही का?’ शेजारच्या खाटेवर खोकला, पहाटे पाचला सलाइन, डोक्यावर ट्यूबलाइट. कुणाला लागेल? डायलिसिसच्या माणसाला थकवा, भूक नाही, झोप नाही. मन ठणठणीत असलं तरी तीन त्रिक नऊ गुण शरीरानंच मिळवून दिले. आणखी एक ‘काही दिवस’ मिळाला की तो कटऑफ, म्हणजे तो दहाचा आकडा, गाठतो. एचएडीएसच्या कर्त्यांनी, झिगमंड आणि स्नेथ यांनी, हे ओळखून शरीराची लक्षणं जवळपास गाळली: चौदा प्रश्न, सात काळजीचे, सात नैराश्याचे. एडिंबरावाल्यांनी ‘झोप येत नाही का’ असं विचारलंच नाही, कारण बाळ रात्री तीनला उठवणारच. त्यांनी विचारलं: इतकं वाईट वाटतं का, की त्यामुळे झोप लागत नाही? एका ‘त्यामुळे’साठी त्या मंडळींना आमचा दंडवत.

म्हाताऱ्यांसाठी पंधरा ‘हो-नाही’ प्रश्नांची प्रश्नावली आहे. चार पर्यायांच्या भानगडीपेक्षा ती सुटसुटीत. मात्र बाहेर पडण्यापेक्षा घरी थांबणं आवडतं का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत, गुडघे गेलेल्या आजोबांना तो विचारताना आपलीच जीभ अडखळते. स्मृतिभ्रंश असेल तर रुग्णाबरोबर सांभाळणाऱ्यालाही विचारावं लागतं. १९८८ ची कॉर्नेल प्रश्नावली त्यासाठीच, एकोणीस मुद्द्यांची. इथे सांभाळणारा स्वतः इतका दमलेला असतो की आपलं दुःख पेशंटच्या खात्यावर मांडून मोकळा होतो.

पक्षाघातानं वाचा गेली असेल तर शंभर मिलिमीटरची रेघ. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्याला रडका, मधे बोट ठेवायचं. रेघ आडवी काढलीत तर फसलात. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही रुग्णांचं डावीकडे लक्षच जात नाही. त्यांना रेघेचा अर्धाच भाग दिसतो आणि त्यावर जो चेहरा असेल ती त्यांची मनःस्थिती ठरते. म्हणून रेघ उभी काढायची. आणि प्रत्येक गठ्ठ्यातली एक रेघ पट्टीनं मोजायची, कारण झेरॉक्स मशीन ती कधी सत्त्याण्णव मिलिमीटरची करतं, कधी एकशे दोनची. मशीनचीही मनःस्थिती असते.

एवढं करून आकडे जमले की संख्याशास्त्रज्ञ येतात आणि अल्फा विचारतात. क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये दिलेला हा आकडा प्रश्नांची आपापसांत किती जमते ते सांगतो. ०.७ ते ०.९ असला की आम्ही पेढे आणतो. ०.९५ च्या पुढे गेला की नवखे लोक आणखी पेढे आणतात आणि आम्ही डोक्याला हात लावतो. ‘वाईट वाटतं का? फार वाईट वाटतं का? वाईटच वाटतं का?’ असं विचारलं तर अल्फा झकास येतो. तो जमतं का एवढंच सांगतो, खरं आहे का हे सांगत नाही. बसस्टॉपवरच्या चौघांचंही जमतं, चौघं बस चुकलेली असतात.

खरंखोटं करायला मनोविकारतज्ज्ञानं प्रत्येकाची रीतसर मुलाखत घ्यायची, प्रश्नावलीनंतर एक-दोन दिवसांतच, आणि स्कोअर न बघता. यातलं ‘न बघता’ टिकवणं महाकठीण. दारातूनच सिस्टर सांगतात, ‘सर, हिचे अठरा आलेत हं.’ संपलं. वेळ वाचवायला फक्त जास्त स्कोअरवाल्यांच्याच मुलाखती घेतल्या, तर कमी स्कोअरखाली दडलेली दुःखं कधी मोजलीच जात नाहीत. आणि इकडे नर्सिंगच्या हसऱ्या मुली, तिकडे भरती झालेले गंभीर रुग्ण असे दोन ढीग केले, तर कुठलीही प्रश्नावली नापास होत नाही. तेवढा फरक तर वॉचमनलाही कळतो. कळत नाहीत ते मधले.

सगळ्यात दुःखाचा भाग कटऑफ. मुळात दहा किंवा त्यापुढे पीएचक्यूनं ८८ टक्के आजारी पकडले आणि ८८ टक्के निरोगी सोडले. साहेब म्हणतात, ‘म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशी बरोबर!’ थांबा. गावच्या आरोग्य केंद्रात हजार माणसं आली, त्यांत शंभरांना नैराश्य. पकडले अठ्ठ्याऐंशी. उरलेल्या नऊशेतले बारा टक्के, म्हणजे एकशेआठ, उगीच पकडले. एकूण एकशेशहाण्णव, त्यात खरे निम्म्याहूनही कमी. तीच प्रश्नावली, तोच दहाचा आकडा, पण हजारातल्या चारशेंना नैराश्य असलेल्या खास क्लिनिकमध्ये नेली, तर पकडलेल्या शंभरातले त्र्याऐंशी खरे निघतात. प्रश्न तेच, दार बदललं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर पाच प्रश्नावल्या शेजारीशेजारी लावून तपासल्या, ते काम २००८ मध्ये छापून आलं. आपल्या दारात येणाऱ्या माणसांवर वजनं तपासायची म्हणजे काय, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी ते वाचावं. आम्ही साहेबांनाही सुचवतो. ते म्हणतात, ‘पण कटऑफ दहाच ना?’

आणि मग एकदाची प्रत तयार होते. नीतिमत्ता समितीची मंजुरी, नऊ प्रश्नांना चार पानांचं संमतिपत्र, सगळं. ती सीलबंद पाकिटातून तालुक्याला जाते. तिथे एका प्रतीची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही. मशीनला फुलस्केप कागद नसतो, ए-फोर असतो. तळाची दोन बोटं कापली जातात. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बेरजेची चौकट वर उजव्या कोपऱ्यात असते.

सहा महिन्यांनी जिल्ह्याचा अहवाल येतो. सरासरी स्कोअर, बायका-पुरुष, तक्ते, सगळं नीटनेटकं. आणि तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत: या सहामाहीत नवव्या प्रश्नाला एकाही रुग्णाने ‘हो’ म्हटलेले नाही.