चिवड्याचा काहीही संबंध नव्हता

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. माझा लॅपटॉप बंद पडला, त्यात चिवड्याचा काहीही संबंध नव्हता. बिलावर काय लिहिलंय ते मला माहीत आहे. बिल समोरच आहे. तरी नव्हता.

लॅपटॉप २०१४चा. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेला. तो पुण्याला नोकरीला लागला, कंपनीने त्याला पापडासारखा पातळ नवा दिला, आणि त्याचे जुने टी-शर्ट जसे नवऱ्याकडे येतात तसा हा माझ्याकडे आला. मी घरी बसून मुद्रितं तपासते, थोडंफार टायपिंग करते. मला पुरत होता.

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, एवढंच विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. लॅपटॉपचंही तसंच चढत गेलं. गुडघ्याला पाणी म्हणजे तारीख चुकायला लागली. त्याची मोठी बॅटरी कधीच गेलेली, तो वायरीवरच जगतो. वायर निघाली किंवा लाइट गेली की पुढच्या वेळी थेट १ जानेवारी २०१३. म्हणजे स्वतःच्या जन्माच्या आधीची तारीख सांगायचा. तारीख चुकली की बँकेची साइट उघडायची नाही, ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असा शेरा यायचा. कमरेला पाणी म्हणजे काम करता करता निळा पडदा. छातीला म्हणजे तीनदा पी-पी-पी, मग पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळाकुट्ट. गेल्या मंगळवारी मारुती पूर्ण बुडाला.

मुलाला फोन केला.

“आई, रिस्टार्ट करून बघ.”

“अरे, स्टार्टच होत नाही, तर ‘री’ कुठून आणू?”

मग त्याने सांगितलं, वायर काढ, बॅटरी काढ आणि बटण तीस सेकंद दाबून धर, आत अडकलेला करंट निघून जातो. धरलं. नवऱ्याने सेकंद मोजले आणि तीस झाल्यावर आरती संपल्यासारखा हात जोडून चहा प्यायला गेला. मग मुलगा म्हणाला, पडद्यावर टॉर्च मारून बघ, आत पुसट काही दिसतं का; दिसलं तर नुसती मागची लाइट गेली असेल. टॉर्च मारला. घसा साफ होता.

तेव्हा बुधवारी लॅपटॉप पिशवीत घालून एमजी रोड. स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत अशोक स्तंभापर्यंत दोन चकरा झाल्या, ते जाऊ दे. दुकान म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या पोटात पायऱ्या उतरून गेल्यावर दीड माणूस मावेल असा गाळा. त्यात पाच माणसं आणि एक स्टूल. स्टुलावर काका.

काउंटरमागे माझ्या मुलाहून लहान पोरगा. मी त्याला दादा म्हणत होते, तो मला मॅडम म्हणत होता. दोघांचाही व्यवहार खोटा, पण सभ्य. “बघतो मॅडम. काय होतंय मॅडम? कधीपासून मॅडम?” इथवर सगळं ठीक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मोजायला लागणार आहे.

त्याने लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला आणि मागचे स्क्रू काढायच्या आधी, सवयीनं असेल, तळहाताने दोन थापा मारल्या.

काउंटरच्या काचेवर टपटप चिवडा पडला.

थोडाथोडका नाही. पोहे, डाळवं, एक शेंगदाणा (अख्खा!), आणि सगळ्यात शेवटी, आतून कुणी ढकलल्यासारखा, तळलेल्या कांद्याचा एक काळपट काप.

मागे उभी असलेली कॉलेजची मुलगी “ई” म्हणाली. पोरगा गप्प बसला. काका स्टुलावरून उठले. त्या स्टुलासाठी चार माणसं अर्धा तास टपून होती, पण ते उठले तेव्हा कुणी बसलं नाही. सगळ्यांना चिवडा बघायचा होता.

काका सातपूरच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला होते. हे मला माहीत आहे, कारण त्यांनी ते तीनदा सांगितलं. आले होते मोबाइलला काच बसवायला. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, आणि तर्जनीने काचेवर चिवड्याचे ढीग करायला लागले. पोहे इकडे. डाळवं तिकडे. शेंगदाणा मध्ये, एकटा.

“तळलेल्या पोह्यांचा आहे,” काका दुकानाला उद्देशून म्हणाले. “कांद्यावाला. म्हणजे आपल्याकडचाच. बाहेरगावचा नाही.”

“काका, ते राहू द्या ना,” मी म्हटलं.

“मेन रोडचा का?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते होकारात धरलं.

“बाई, मशीनला तोंड नसतं. आपण भरवायचं नसतं.” मग पोराकडे वळून, “आता बघ. कांदा आहे ना? कांद्याला पाणी सुटतं. ते पाणी गेलं सर्किटवर. झालं शॉर्ट. सरळ आहे. मेन्टेनन्सला होतो मी.”

इथे माझा तोल गेला. माझ्या खाण्यावर बोला, माझ्या स्वच्छतेवर बोला, मी ऐकून घेईन. पण ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे त्या जिल्ह्यात एक माणूस उभा राहून सांगतो की तळलेल्या कांद्याला पाणी सुटतं?

“काका, तळलेला कांदा आहे तो. आधी वाळवतात, मग तळतात. पाणी असतं तर चिवडा मऊ पडला नसता का?”

“मऊच पडलाय,” असं म्हणून काकांनी तो काप दोन बोटांत दाबून दाखवला. दुर्दैवाने तो खरंच मऊ होता.

“आता पडला असेल! तेव्हा कुरकुरीत होता!”

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी कबुली दिली. कॉलेजच्या मुलीने मोबाइल वर केला होता. तिने त्यात काय टिपलं असेल याचा विचार मी अजून रात्री करते.

खरं म्हणजे तो चिवडा माझा नसणारच. निदान सगळा नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटावर लॅपटॉप आणि छातीवर चिवड्याची बशी ठेवून अभ्यास करणारा प्राणी मी स्वतः जन्माला घातला आहे. शेंगदाणा तर नक्की त्याचाच; मी शेंगदाणे आधी वेचून खाते. हे मी काकांना सांगितलंही. ते म्हणाले, “मुलावर ढकलू नका.” आणि दुकानातल्या सगळ्यांनी, माझ्या लहानपणी चाळीत बायका हलवायच्या तशा, माना हलवल्या.

तोवर पोराने मागचं झाकण उघडलं होतं. आणि नेमकी इथे, खऱ्या गोष्टीपाशी, कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. आत त्याने बोटाएवढी हिरवी पट्टी काढली, रॅम म्हणतात ती. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. वर्षानुवर्षं दमट हवेत त्यांच्यावर बारीक थर बसतो आणि खाचेत नीट टेकले नाहीत की मशीन मेमरी शोधत राहतं. ती सापडली नाही की पडदा काळाच ठेवून नुसतं ओरडतं. ते तीन पी-पी-पी त्याचंच होतं. पोराने खिशातून साधा शाळेचा खोडरबर काढला, दात हळूच घासले, फुंकर मारली आणि पट्टी परत दाबून बसवली. मग तारखेचा सेल: रुपयाएवढा, तीन व्होल्टचा, सीआर २०३२. वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, म्हणून २०३२, नावातच माप. मोठी बॅटरी मेली, वायर निघाली की घड्याळ चालू ठेवायची जबाबदारी या एवढ्याशा सेलवर असते. तो कधीच संपला होता. नवा बसवला.

म्हणजे खोडरबर आणि सेल. चिवडा रॅमच्या खाचेच्या आसपाससुद्धा नव्हता. तो सगळा बटणांच्या खाली, दुसऱ्या बाजूला, शांतपणे राहत होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पोराने वायर लावली, बटण दाबलं. एक बीप. पडदा उजळला.

“बघा!” काकांनी टाळी वाजवली. “चिवडा काढला, झालं सुरू!”

मी पोराकडे बघितलं. दादा, तू सांग ना. तू स्वतःच्या हाताने खोडरबर मारलास. सांग.

“काका बरोबर बोलतात,” पोरगा म्हणाला. “लॅपटॉपवर खाऊ नका, मावशी.”

मावशी! आत शिरले तेव्हा मॅडम, चिवडा पडला आणि मावशी. मधे फक्त पंचवीस मिनिटं गेली. मला मावशी म्हणण्याला हरकत नाही, भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. पण एखाद्या पदावरून उतरवून दुसऱ्या पदावर बसवलं की लागतं.

बिल साडेचारशे. त्यात सेल पन्नास. उरलेल्या चारशेसमोर त्याने बॉलपेनने लिहिलं: ‘इंटरनल क्लीनिंग (खाद्यपदार्थ)’. रॅमचा उल्लेख नाही. खोडरबराचा नाही. मी म्हटलं, कंस तरी खोड. म्हणाला, “मावशी, वॉरंटीला लागतं.” कसली वॉरंटी? चिवड्याची?

आणि पैसे देताना तो तेच म्हणाला जे हल्ली सगळे म्हणतात: “आता नवीनच घ्या. जुन्यात दम नाही.” मुलगा हेच म्हणतो. काका तर म्हणालेच, शिवाय किती रुपयांपर्यंतचा घ्यावा तेही म्हणाले. मला हे कळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज दहाचा आधार संपला, म्हणून माझं यंत्र म्हातारं. विंडोज अकरा टाकायचं तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. माझं चौथ्या पिढीचं. काल टाइप केलेलं आजही तितकंच टाइप होतं. बिघडलेलं काही नाही, नुसतं कॅलेंडर पुढे गेलं. आणि नवीन घेऊ तो कसला? बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डागलेली असते. उद्या तिचं काही झालं तर खोडरबर कुठे मारणार? बॅटरी आत चिकटवलेली. पन्नास रुपयांत आणि एका खोडरबरात बरं होणारं यंत्र टाकून, जे उघडताच येत नाही ते चाळीस-पन्नास हजारांना आणायचं, आणि मला सांगायचं की मीच मागासलेली. राग येतो. चिवड्याच्या बिलामुळे जास्त येतो हे खरं, पण येतो.

असो. घरी आणला. तारीख बरोबर दाखवतोय. वायर काढून, दहा मिनिटं थांबून, परत लावून बघितली. तरी बरोबर. नवऱ्याने बिल वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि मग पुण्याला फोन लावून तिसऱ्यांदा वाचलं. मुलगा इतका हसला की शेंगदाण्याचा विषय काढायचा राहूनच गेला.

काल गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, भाजी आणायला गेले होते. गवार निवडत होते. मागून आवाज आला.

“अगं, ह्याच त्या!”

काका. तीच नायलॉनची पिशवी. शेजारी काकू, अंबाडीची जुडी हातात. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, एखादं स्थळ दाखवावं तसं.

“चिवड्यावाल्या. लॅपटॉप बंद पडला होता ना, त्या.”

मी तोंड उघडलं. रॅम, खोडरबर, सोनेरी दात, सगळं ओठांवर आलं होतं. काकू पुढे झाल्या, माझ्या हाताला हात लावला आणि हळूच विचारलं,

“कुठल्या दुकानातला हो? आमच्या ह्यांना आजकाल कुठलाच आवडत नाही.”

मी सांगितलं.